डोळ्याचं भांडं

धंद्यातले लोक तिला मांजरबाई म्हणायचे आणि तिला ते माहीत होतं. चिनी मातीची बरणी असो, मातीची सुरई असो, काचेचा प्याला असो, समोर आलं की ती आधी ते उलटं करायची, तळ बघायची, भिंग लावायची आणि शेवटी तळाच्या बिनचकाकीच्या कडेला जिभेचं टोक टेकवायची. कच्ची भाजलेली माती जिभेला चिकटते, पक्की चिकटत नाही. कुणी टवका रंगाने बुजवला असेल तर तो दाताला मऊ लागतो; खरी चकाकी, म्हणजे भट्टीत बसलेला काचेसारखा थर, गार आणि कडक लागते. डोळ्यांना कुणीही फसवतं, जिभेला फसवायला अक्कल लागते, असं तिचं म्हणणं. एरवी या बाईला अख्ख्या जगाची किळस. परक्या घरचा पेला ती रुमालाने पुसल्याशिवाय तोंडाला लावायची नाही, लिफ्टचं बटण कोपराने दाबायची, नोटा मोजून झाल्या की हात धुवायची. भांडी मात्र चाटायची. आता याला काय म्हणावं?

त्या सकाळी ती धाकट्या बहिणीच्या सासरी पोचली तेव्हा दार धाकटीनेच उघडलं. डोळे सुजलेले, हात साबणाने सोललेले. धाकटीचा सासरा जाऊन महिना झाला होता. म्हातारा नावाजलेला संग्राहक. दिवाणखान्यात त्याचं भिंतभर काचेचं कपाट होतं आणि मधल्या फळीवरची झाकणाची निळी बरणी म्हणजे घराची शान. गेल्या आठवड्यात मुलांनी कपाट विकायला काढलं. एक व्यापारी आला, त्याने बरणी उलटसुलट केली, ‘ही जुनी नाही’ एवढंच म्हणाला, आणि टोपी डोक्यावर ठेवून चालता झाला. बाबांची बरणी मुळातच खोटी असेल, असं घरात कुणाच्या मनातही आलं नाही. सगळ्यांच्या मनात एकच आलं, की कुणीतरी ती बदलली. आणि कपाटाची किल्ली एकाच माणसाकडे होती, कारण धूळ पुसायचं काम दुसऱ्या कुणाला नको होतं.

“मला चोर ठरवलंय गं ताई,” धाकटी दारातच हळू आवाजात म्हणाली. “तोंडावर नाही म्हणत कुणी. पण काल मी बाजारात गेले होते तेव्हा वहिनींनी माझं कपड्यांचं कपाट आवरलं.”

“आवरलं म्हणजे?”

“आवरलं. माझ्या आतल्या कपड्यांच्या घड्यासुद्धा मोडून परत घातल्यात.”

“आणि तुझा नवरा काय करत होता?”

“पेपर वाचत होते.”

मांजरबाईला चोरीची तेवढी चीड येत नसे जितकी असल्या घड्यांची येई. धाकटीने कधी दुसऱ्याची टाचणी उचलली नव्हती. आणि आता या घरात राहायचं तर कपाळावर तो शिक्का घेऊन, आणि बाहेर पडायचं तरी तोच शिक्का घेऊन. निळी बरणी काय बोलेल, यावर सगळं होतं.

आत जाताना म्हाताऱ्याची खोली लागत होती. खिडक्या बंद. फिनेल, मलम आणि त्याखाली तिसरा एक वास, जो फिनेलला जुमानत नव्हता. खाट उघडी पडली होती आणि खाटेखाली एक मोठं कानाचं भांडं होतं. दारात थोरली जाऊ नाकाला रुमाल लावून उभी होती. महिनाभर तो रुमाल नाकावरून उतरला नव्हता. म्हातारा जिवंत असताना तर ती या खोलीच्या वाऱ्यालाही उभी राहत नसे.

“ते मुताचं भांडं आधी टाक बाई,” ती धाकटीला म्हणाली. “घरभर दरवळतंय.”

“धुतलंय, वहिनी.”

“धुवून काय होतंय? टाक.”

“तळाशी डोळा काढलाय त्याच्या,” धाकटी बहिणीला सांगायला लागली. “उघडा डोळा. रोज सकाळी उचललं की माझ्याकडेच बघायचा—”

“पुरे,” मांजरबाई म्हणाली. तिने नाक दाबलं, तोंड फिरवलं आणि झपझप पुढे गेली. आयुष्यात दिसेल ते भांडं उलटं करून पाहणाऱ्या बाईने हे एकच पाहिलं नाही. हे इथे लक्षात ठेवा.

दिवाणखान्यात थोरला दीर वाट बघत होता. हा दातांचा डॉक्टर. पांढरीशुभ्र बोटं, लवंगेच्या तेलाचा वास, आणि बोलताना समोरच्याच्या डोळ्यांकडे न बघता दातांकडे बघायची सवय. शेजारी धाकटीचा नवरा, पेपर घडी करून मांडीवर. मिठाची गुळणी धरून बसलेला माणूस जसा दिसतो तसा.

“घरातली गोष्ट घरातच राहावी म्हणून तुम्हाला त्रास दिला,” डॉक्टर म्हणाला. “तुम्ही तिची बहीण आहात, पण तुमच्या शब्दाला बाजारात वजन आहे. बरणी खोटी असेल तर तसं सांगा. खरी कुठे गेली ते आम्ही तिला शांतपणे विचारू. पोलीस वगैरे काही नाही.”

“शांतपणे,” थोरली रुमालाआडून म्हणाली.

मांजरबाईने टेबलावर टॉवेल पसरला, अंगठी काढून ठेवली आणि दोन्ही हातांनी बरणी खाली घेतली. जुनं भांडं कानाला किंवा झाकणाला धरून उचलणारा माणूस तिच्या मते माणूस नव्हता. बोटाच्या पेराने टिचकी मारली. आवाज चांगला आला. निळाई बरी होती, जरा जास्तच बरी. चकाकीत बारीक भेगांचं जाळं होतं आणि भेगांत तपकिरी रंग मुरला होता, पण सगळीकडे सारखा. काळ असा सारखा मुरत नाही. जिथे हात लागतो, जिथे तेलकटपणा बसतो, तिथे तो जास्त मुरतो. ही चहाची करणी होती. तिने बरणी आडवी केली, तळाच्या कडेवर भिंग धरलं, बराच वेळ धरलं. मग सवयीने जीभ टेकवली.

ती खुर्ची मागे लोटून उठली आणि थेट मोरीकडे धावली. तिथे ती थुंकली, चूळ भरली, परत थुंकली. खारट, उग्र, नाकात चढणारं. बिनचकाकीच्या मातीत एखादी गोष्ट मुरली की ती वर्षानुवर्षं तिथे बसून राहते आणि ओल लागली की जागी होते. फिनेलला न जुमानणारा तो तिसरा वास आता तिच्या जिभेवर होता.

तोंड पुसून ती परत आली. “खोटी आहे,” ती म्हणाली.

धाकटीचा चेहरा उतरला. थोरलीने नवऱ्याकडे असं पाहिलं की बघा, मी म्हणत नव्हते?

“खोटी आहे, पण कालपरवाची नाही. डॉक्टर, इकडे या. तुमच्याच कामातलं आहे.” तिने भिंग त्याच्या हातात दिलं. “एखाद्याची कवळी हातात आली तर ती नवी आहे की वीस वर्षं चावून झालेली, हे तुम्हाला कळतं ना?”

“कळतं. झिजेवरून.”

“मुद्दाम घासून झीज आणली असेल तर?”

“तरी कळतं. घासलेलं एकाच दिशेने दिसतं. चावून झिजतं ते कसंही झिजतं.”

“मग ही कड बघा. तपकिरी लेप दिसतोय? तो मुद्दाम दिलाय, भांडं म्हातारं दिसावं म्हणून. आता त्या लेपावर ओरखडे बघा.”

डॉक्टर वाकला. पांढरी बोटं बरणीला न लावता त्याने मान इकडून तिकडे केली. “कसेही आहेत,” तो नाइलाजाने म्हणाला. “लेप झिजून खालची पांढरी माती दिसतेय. आणि तीसुद्धा मळलीय.”

“बरणी फळीवर ठेवायची, धुळीसाठी उचलायची, परत ठेवायची. असं पंचवीस-तीस वर्षं केल्याशिवाय ही झीज येत नाही. खोटेपणा आधीचा, झीज नंतरची. माझी बहीण या घरात येऊन अकरा वर्षं झाली. ती माप ओलांडायच्या आधीपासून ही बरणी इथे आहे. आणि पहिल्या दिवसापासून ती खोटी आहे.”

धाकटीने भिंतीला टेकून एक लांब श्वास सोडला. तिच्याकडे बघून ‘चूक झाली’ असे दोन शब्द कुणीतरी म्हणेल म्हणून मांजरबाई थांबली. थोरलीने रुमालाची घडी बदलली. नवऱ्याने पेपरची घडी बदलली. लोकांच्या आतल्या कपड्यांच्या घड्या मोडणाऱ्यांना आपल्या घड्यांची मात्र फार काळजी.

“बाबांना फसवलं म्हणायचं कुणीतरी,” शेवटी डॉक्टर म्हणाला.

“बघू या, किती वेळा फसवलं ते.” तिने धाकटीला कपाट उघडायला लावलं. कोळसा उगाळावा तितका काळाच, पण तिला आता थांबता येईना. काचेचे प्याले काढले. तळाचे ओरखडे सगळे एकाच दिशेने, म्हणजे वाळूच्या कागदावर घासलेले. ताटल्या काढल्या, भेगांत तोच चहा. लहान मातीची घोडी, सुरया, वाडगे. सगळ्यांना तोच लेप, तोच हात. आणि खालच्या फळीवरच्या दोन सुरयांवर तर झीज नव्हतीच. त्या नुसत्या जवळ घेतल्या तरी वास मारत होत्या.

“या गेल्या एक-दोन वर्षांतल्या आहेत,” ती म्हणाली. “तुमच्या बाबांना अंथरुणात पडल्यापडल्या कुणी येऊन फसवलं?” मग ती धाकटीकडे वळली. “मामंजी तुला ते भांडं रोज कुठे रिकामं करायला सांगायचे?”

धाकटी गोंधळली. “मागे. खड्ड्यात. शेणखताचा खड्डा आहे ना, तिथे. संडासात ओतायचं नाही, त्यावर त्यांचा कटाक्ष होता. गुलाबांना चांगलं असतं म्हणायचे.” ती थांबली. “गुलाब कधी जगले नाहीत, ताई. दरवर्षी मी नवी रोपं आणायची, दरवर्षी जळायची. मला वाटायचं, माझ्या हातालाच गुण नाही.”

“आणि खड्ड्यात काय असायचं?”

“गोणपाटाची गाठोडी. स्वतः चालत होते तोवर तेच पुरायचे. नंतर मला सांगायचे. म्हणायचे, कच्ची माती आहे, ओलीत मुरली की पक्की होते. मी कशाला उघडून बघू?”

मांजरबाईला परत मोरीकडे जावंसं वाटलं. हा म्हातारा उभ्या गावात पारखी म्हणून मिरवला. त्याच्याकडे माणसं यायची, एखादं भांडं हात जोडून, पैसे मोजून न्यायची, आणि कपाटातली रिकामी जागा पुढच्या वर्षी भरलेली असायची. सुनेच्या हातून आपलं मूत वाहून घेऊन त्याने भांड्यांचं म्हातारपण तयार केलं होतं. बरं, तिला सांगितलं काय, तर गुलाब.

“म्हणजे हिला सगळं ठाऊक होतं,” थोरली म्हणाली. तासाभरापूर्वी जी चोर होती ती आता सामील झाली. चोराच्या उलट्या बोंबा ऐकल्या होत्या. पण ज्यांच्या बापानेच चोरी केली ते शेजारी उभं राहून शांतपणे बोंब मारतात, हे मांजरबाई पहिल्यांदाच बघत होती.

पण तेवढ्यात डॉक्टर उठला होता. “खड्ड्यात अजून काही आहे का?” त्याने विचारलं.

“चार-पाच गाठोडी असतील,” धाकटी म्हणाली.

मग जे झालं ते मांजरबाईने मागच्या दारातून पाहिलं, आणि पाहू नये असं वाटूनही पाहत राहिली. दातांच्या डॉक्टरने बाह्या वर केल्या आणि फावडं घेतलं. खड्ड्याच्या कडेला गुलाबांचे काळे खुंट उभे होते. वरचा थर फुटला तसा असा वास उठला की शेजारच्या घराची खिडकी धाडकन बंद झाली. थोरलीने रुमाल नाकावरून काढला. आणि कशासाठी? तर चिंब गोणपाट त्यात धरून ओढण्यासाठी. महिनाभर ज्या रुमालाने तिला सासऱ्याच्या खोलीपासून वाचवलं तो तिने त्याच्याच खड्ड्यात बुडवला. एक गाठोडं सुटलं. आतून पिवळट तपकिरी वाडगा निघाला, घळघळता. डॉक्टरने तो नळाखाली धरला, उजेडात धरला, आणि त्याच्या तोंडावर बापाच्या मरणानंतर पहिल्यांदा हसू आलं.

“पाचशे वर्षांचा वाटतो,” तो म्हणाला.

“सहा महिन्यांचा आहे.”

“वाटतो म्हटलं मी. तुम्हाला कळतं, ताई. गिऱ्हाइकाला थोडंच कळतं? तुमच्या सहीचा एक कागद सोबत असला तर प्रश्नच मिटला. त्या बरणीवरही. मग आम्हाला धाकटीलाही काही विचारायचं कारण राहणार नाही.” बोटांतून खड्ड्याचं पाणी ठिबकत होतं आणि त्याच बोटांनी तो समजावून सांगत होता.

“मी चाटते ते खरं शोधायला,” मांजरबाई म्हणाली. “तुमच्यासारख्यांचे तळवे चाटायला नाही.”

डॉक्टरने वाडगा परत नळाखाली धरला. तेव्हा धाकटीचा नवरा बोलला. सकाळपासून पहिल्यांदा. मांजरबाईला क्षणभर वाटलं, आला, उशिरा का होईना पण माणूस बायकोच्या बाजूने आला.

“कागदाचं नंतर बघता येईल, दादा,” तो म्हणाला. “मुख्य म्हणजे कृती हातची जायला नको. बाबा प्रमाण वगैरे सगळं हिलाच सांगायचे. पाणी किती, चहा किती, किती महिने ठेवायचं. हिला सवय आहे. ही करेल.”

धाकटीने त्याच्याकडे पाहिलं. रागाने नाही, आपण कशात हात घातला होता ते कळल्यावर माणूस हाताकडे बघतो, तसं पाहिलं. “आणि बाकीचं?” तिने विचारलं. “ते रोजचं कुठून आणायचं? तुम्ही देणार?”

तो पेपरकडे बघायला लागला.

धाकटीने कमरेची किल्ली काढून नळाच्या कठड्यावर ठेवली आणि ती आत गेली. बाहेर आली तेव्हा एका हातात कपड्यांची पिशवी होती आणि दुसऱ्या हातात म्हाताऱ्याचं भांडं.

“मी ताईकडे जातेय,” ती म्हणाली. “पिशवी बघून घ्या वहिनी, म्हणजे नंतर बोल नको. आणि हे नेतेय. चालेल ना?”

थोरलीने पिशवीत खरंच हात घातला. दोन साड्या वर-खाली केल्या. भांड्याकडे तिने बघितलंही नाही. “ने बाई, ते तुझंच,” ती म्हणाली. “अकरा वर्षं तूच वागवलंस. ते ठेवून आम्ही काय पूजा करू?”

“भाऊजी?”

“ने, ने,” डॉक्टर म्हणाला. तो दुसरं गाठोडं सोडत होता.

धाकटी वळली तसं भांडं तिरकं झालं आणि त्याचा तळ मांजरबाईच्या डोळ्यांसमोर आला. तळाच्या कडेच्या आतल्या बाजूला चकाकी साचली होती आणि जिथे साचली होती तिथे ती निळसर होती. त्यापुढे तीन बारीक खुणा, भट्टीत भांडं ज्या तीन टोकांच्या तिकाटण्यावर ठेवत त्याच्या. आणि झीज? झीज कशीही होती. दोनशे वर्षांची, कुणीही न घासलेली. मांजरबाईने तोंड उघडलं, खड्ड्याकडे वाकलेल्या तीन पाठींकडे पाहिलं, आणि परत मिटलं. खोट्यावर सही मागितली ती तिने दिली नव्हती. पण या खऱ्याचं तर कुणी विचारलंच नव्हतं.

गल्लीच्या तोंडाशी कचऱ्याची पेटी होती. धाकटी तिथे थांबली आणि तिने भांडं दोन्ही हातांनी डोक्याच्या वर उचललं.

“काय करतेस?”

“फोडतेय. म्हणून तर आणलं. तिथे फोडलं असतं तर तुकडे मलाच वेचावे लागले असते.”

“खाली ठेव,” मांजरबाई म्हणाली. “आधी मला दाखव.”

त्या शेजारच्या बंद दुकानाच्या पायरीवर बसल्या. मांजरबाईने भांडं फिरवलं. बाहेरून निळी वेलबुट्टी, कागदावर छापून भांड्यावर उतरवलेली. छापाचा कागद जिथे जोडला होता तिथे एक पान अर्धंच होतं आणि पुढचं दुसऱ्याच वेलीचं सुरू झालं होतं. हाताने कागद डकवणाऱ्या कारागिराची चूक. आत, अगदी तळाशी, तो डोळा. पापण्या एकेक करून काढलेल्या. कुणीतरी दोनशे वर्षांपूर्वी खो खो हसत काढला असणार.

“त्या जोडाशी माझं बोट रोज अडायचं,” धाकटी म्हणाली. “म्हणायचे, हे एवढं जपून धू. बाकी काही फुटलं तरी चालेल.”

म्हणजे म्हाताऱ्याला माहीत होतं. मांजरबाईला शेवटची शिसारी आली ती इथे. कपाटात हे ठेवलं असतं तर शेजारची सगळी उघडी पडली असती. म्हणून त्याने घरातली एकुलती खरी वस्तू खाटेखाली ढकलली आणि तिच्यातच तो मुतत राहिला. त्या भांड्याच्या बाबतीतही आणि ते धुणारीच्या बाबतीतही त्याची पारख अचूक होती.

“खरं आहे?” धाकटीने विचारलं.

“त्या घरातलं एवढंच.”

“जीभ लाव ना. तू लावल्याशिवाय कधी सांगत नाहीस.”

“नको,” मांजरबाई म्हणाली. “एवढं मी डोळ्यांनी सांगते.”

धाकटी हसायला लागली. हसता हसता रडली, मग परत हसली. “एक टवका उडू दिला नाही गं,” ती म्हणाली. “अकरा वर्षं. एकही नाही.”

मांजरबाईने पर्समधून रुमाल काढला, तोच परक्या घरचे पेले पुसायचा. त्याने तिने बहिणीचे डोळे पुसले. बस आली तेव्हा गर्दी होती, कुणाचा धक्का लागेल सांगता येत नव्हतं. तिने भांडं स्वतःच्या मांडीवर घेतलं आणि घर येईपर्यंत दोन्ही हातांनी धरून ठेवलं.